गौरीपुढचं ताट

त्या बाईनं गौरीपुढचं ताट उचललं आणि खाटेखाली सरकवलं. आमच्याच घरात. पायातल्या सँडलसुद्धा काढल्या नव्हत्या.

ताटात चिंबोऱ्या होत्या, आईनं पहाटे उठून केलेल्या. आम्ही कोळी. आमच्या गौरीला तिखटाचाच, म्हणजे मासळी-खेकड्यांचा नैवेद्य लागतो.

बाई आमच्या वाहिनीवरची मोठी अधिकारी. कलाकारांच्या घरच्या गौरी दाखवायच्या म्हणून कॅमेरे घेऊन कोळीवाड्यात आलेली. मालिकेत मी खानदानी घरातली सोज्वळ सून. रोज तुळशीला पाणी घालायची. सेटवर मी डबा उघडला की कुणीतरी नाकाला रुमाल लावायचं, मग सगळे हसायचे. मीही हसायचे. रोल टिकवायचा होता.

बाईनं अंधेरीच्या दुकानातून पुरणपोळ्या आणल्या होत्या. आईच्या हातच्या आहेत असं मी कॅमेऱ्यासमोर म्हणायचं. आईला तिनं आत बसायला सांगितलं. वर मला समजावलं, "तुझी आई गोड आहे गं. पण प्रेक्षकांना अशी आई नको असते."

अशी म्हणजे कशी? बोरिवलीच्या बाजारात मासे कापून जिनं मला नाटक शिकायला पाठवलं, तशी? हीच बाई मढला शूटिंग संपलं की सुरमई चापते. हिला मासळी चालते, कोळीण चालत नाही. म्हणे सुसंस्कृत. थू!

आई भांडली नाही. वाकली, ताट बाहेर काढलं, कडा पदरानं पुसली. म्हणाली, "आमची गवर उपाशी हाय, बाय."

माझं डोकंच फिरलं. ताट गौरीपुढं ठेवलं, आईला शेजारी बसवलं आणि कॅमेरावाल्याला म्हटलं, "घ्यायचं तर हे घे. नाहीतर सामान उचल."

त्यांनी सामान उचललं. पुढच्याच महिन्यात मालिकेतली सून शिकायला अमेरिकेला गेली, म्हणजे मी घरी बसले. बाईचा निरोप आला, माफी माग, सुनेला परत आणू. मी उत्तरसुद्धा दिलं नाही. तेवढीही तिची लायकी नाही.

परवा अंधेरीत ऑडिशन होती. कॅमेऱ्यासमोर नाव आणि उंची सांगायची असते. मी पुढं सांगितलं, कोळ्याची पोर, आई मासे विकते. समोरचा म्हणाला, एवढं नको, कापून टाकू.

मी म्हटलं, "मग मलाही कापा."

यापुढं प्रत्येक ठिकाणी हेच सांगणार. काम मिळो, न मिळो. आईला आत बसवून मी बाहेर कुणाचीही सून होणार नाही.