केवळाबाईंची खोली

महिला केंद्रात लागले तेव्हा वाटलं होतं, फायली साचतील. साचले ते किस्से! त्यातले निम्मे एकट्या केवळाबाईंचे.

निजामी जाऊन दोन-चार वर्षं झाली होती. गंगाखेडच्या केंद्रात आम्ही दोघीच, मुख्य बाई आणि मी. केवळाबाई चाळिशीच्या, जन्मांध. राणीसावरगावला धाकट्या भावाकडं त्यांना कुणी चुलीजवळ फिरकू देत नसे. त्यांना स्वतःची खोली हवी होती; आम्ही केंद्रामागची एक दिली. भाऊ तुकाराम म्हणाला, "महिनाभर ऱ्हा. न्हाई जमलं तर गाडीत घालून परत नेणार!"

*

आम्ही खोलीपासून विहिरीपर्यंत दोरी बांधली, धरून जाता यावं म्हणून. दुसऱ्या दिवशी तिच्यावर लुगडं वाळत होतं.

"दोरी लय झ्याक, बाई! पण इतकी लांब कशाला? माझी लुगडी दोनच हायेत."

*

ट्रेनिंगमध्ये टापटीप शिकवलेली. मी त्यांचे डबे उंचीप्रमाणे लावून दिले. संध्याकाळी चहात मीठ! मुख्य बाईंनी निमूट प्यायला.

केवळाबाईंनी मात्र सुनावलं, "डोळेवाल्यांनी माझ्या सामानाला हात लावायचा न्हाई!"

*

परभणीहून साहेब पाहणीला आले. "काय मदत हवी तुम्हाला?"

"दाराला आतून कडी."

ती आम्हीच काढून ठेवली होती. पडल्या-झडल्या तर आत शिरता यावं म्हणून!

"मला एकटं ऱ्हायचंय साहेब, अन् ह्या पोरी दिवसातून सहा बार यायल्यात!"

त्याच दिवशी सुतार बोलावला. दुसऱ्या सकाळी मी दार वाजवलं. आतून आवाज आला, "कोन हाय? काम काय?" मला इतका आनंद झाला की काम काय होतं तेच विसरले.

*

महिना भरला. तुकाराम बैलगाडी घेऊन दारात हजर. केवळाबाईंनी गरम भाकरी वाढली. पठ्ठ्यानं चौथी मागून घेतली! तरी हात धुऊन म्हणाला, "चल अक्का, आवर."

केवळाबाई काठी टेकत गाडीपाशी गेल्या. आम्ही दोघी दारातच उभ्या. चढायला म्हणून त्यांनी गाडीत हात टाकला, कडबा चाचपला आणि थबकल्या.

"तुक्या, हे तर आईचं जातं! मला न्यायला आलास, मग हे कशाला आनलंस?"

तुकाराम बैलांकडं बघत म्हणाला, "रिकामी गाडी बैलांना आवडत न्हाई."