वाटणीबाईचा पहिला नियम

कानात घालायची ऐकण्याची यंत्रं विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे वाटणीबाई म्हणायचे. कुठला ग्राहक कुणाच्या वाट्याला जायचा हे कॉम्प्युटर ठरवायचा, आणि त्याने कसं ठरवायचं हे ही बाई ठरवायची. पूर्वी वाटणी तोंडी व्हायची. ज्याचा आवाज मोठा त्याची चंगळ. तिने नियम बसवले: पत्त्यावरून भाग, भागावरून माणूस. नियमात कुणाचंही नाव येणार नाही यावर ती अडून बसली. वशिल्याला आता पाय ठेवायला जागा नव्हती, आणि याचा तिला भलताच अभिमान होता.

फक्त मामा तेवढे तिच्या टेबलाशी घुटमळले. मामा म्हणजे तिथले सर्वांत जुने दुरुस्तीवाले.

"पुलापलीकडच्या आजी तेवढ्या माझ्याकडे राहू दे गं. एकट्या असतात."

"मामा, आज तुमच्या आजी ठेवल्या, की उद्या प्रत्येकाची एकेक आजी निघेल!"

"तेही खरंच," म्हणत मामा हसले आणि पिशवी उचलून गेले. भांडले असते तर निदान तिने कारण तरी विचारलं असतं.

पुढे एकदा बंद झालेल्या तक्रारी चाळताना तिला आजींची तक्रार दिसली. यंत्र बंद पडल्याचं शेजारणीने फोनवर कळवलं होतं आणि मग ती शेजारीण परगावी गेली होती. त्या भागाचा नवा माणूस तीनदा जाऊन आला होता, शेरा दर वेळी तोच: बेल वाजवली, दार उघडलं नाही. तीन शेरे झाले की तक्रार आपोआप बंद, हाही बाईचाच नियम.

तिने मामांना दाखवलं. मामांनी तिन्ही शेरे वाचले. "अगं, यंत्र बंद असताना त्यांना बेल ऐकू येईल कशी? मी मागच्या खिडकीशी जाऊन टोपी हलवतो. नव्याला सांगायचं राहूनच गेलं बघ."

एवढी हुशार बाई, आणि ऐकू न येणाऱ्या म्हातारीच्या दारावर बेल वाजवायला माणसं धाडत बसली होती!

दोघं तडक निघाली. मामांनी खिडकीबाहेर टोपी हलवली. आत भाजी निवडणाऱ्या आजींनी वर पाहिलं आणि हातातली भाजी तशीच घेऊन त्या दाराकडे धावल्या.

मामांनी यंत्र साफ केलं, नळी बदलली, त्यांच्या कानात बसवून दिलं.

"येतंय का ऐकू?"

"तुमचा घसा बसलाय, की यंत्रच असं बोलतंय?" घसा खरंच बसला होता. मग आजी हळूच म्हणाल्या, "इतके दिवस आला नाहीत. वाटलं, तुमचं काही बरंवाईट झालं. कागदावर लिहून विचारता आलं असतं कुणाला तरी. पण धीर होईना."

वाटणीबाईने तिथेच, भाजीच्या ताटाशेजारी लॅपटॉप उघडला आणि सगळ्यात वर नवा नियम चढवला: ग्राहकाचं ओळखीचं माणूस आधी, पत्ता नंतर.

"आजी, तुमच्या माणसाचं नाव काय लिहू?"

आजी विचारात पडल्या. "नाव कधी विचारलंच नाही गं. टोपीवाले लिही."

तिने तसंच लिहिलं.