माझ्या नावाचा बॅज

तमिळ सिनेमाला मी गेले, ते मैत्रिणीच्या नवऱ्याची शिफ्ट अचानक बदलली म्हणून. नवरा तमिळ, तिकीट त्याचं, ब्लॅकटाउनला रविवारी दुपारचा शो. मैत्रीण माझ्यासारखीच पुण्याची. इकडे परदेशात शिकायला आलो तेव्हा, वॉलॉंगॉंगला युनिमध्ये असताना आम्ही एका खोलीत राहायचो.

पडद्यावर बंदरातले दोन हमाल एकमेकांची ओळखपत्रं लावून कामाला जातात. क्रेन कोसळते, एक मरतो, आणि दुसरा मेलेल्याच्या नावाने सूड घ्यायला निघतो. मला हसू आवरेना. मी तिला कोपराने ढोसलं. "अगं, ही तर आपलीच स्टोरी!"

आम्ही तेच करायचो. चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लॉंड्रीत दोघी कामाला होतो. डोक्याला जाळी, तोंडाला मास्क. सुपरवायझरला सगळ्या मुली सारख्याच, सगळ्यांना 'मेट' म्हणायचा. एकीची परीक्षा असली की दुसरी तिचा बॅज लावून जायची. स्वतःला फार हुशार समजायचो आम्ही.

ती हसली नाही. इंटरव्हलला दिवे लागल्यावर म्हणाली, "तुझी स्टॅट्सची फायनल होती, तेव्हा मी तुझा बॅज लावून गेले होते."

"हो, आणि येताना सायकलवरून पडलीस, वेंधळी!"

"सायकल कुठली गं? इस्त्रीच्या रोलरमध्ये हात गेला."

मला कळेचना ती काय बोलतेय.

"अपघाताचा रिपोर्ट लिहिला असता तर नाव तुझं लागलं असतं, आणि तू तेव्हा एक्झॅम हॉलमध्ये. अदलाबदल उघडी पडून व्हिसा गेला असता तुझा. माझाही. हाताला टॉवेल गुंडाळला नि मागच्या दाराने निघाले. डॉक्टरला सायकल सांगितली, तुलाही तीच."

तिने उजवी मूठ वळून दाखवली. शेवटची दोन बोटं सरळच राहिली.

ही मुलगी पेटी काय सुरेख वाजवायची! मग एकदम सोडलीच. प्लास्टर निघालं, बरं झालं, असं ती म्हणाली आणि मी मानलं. इतक्या वर्षांत तो हात एकदाही नीट पाहिला नाही. उलट दर गणपतीत चारचौघांत म्हणायचे, "बाईसाहेब भाव खातात." मला भयंकर संताप आला, आणि सांगायला लाज वाटते, पण आधी तिचाच आला.

"बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू माझ्याशी पुन्हा कधी मोकळेपणाने भांडली नसतीस," ती म्हणाली आणि पॉपकॉर्नचा डबा माझ्यापुढे धरला.

उरलेल्या सिनेमात हिरो गुन्हेगारांना एकेक करून शोधत होता. लोक शिट्ट्या मारत होते. मला मान वर करून बघवेना.

पुढच्या शनिवारी एका ओळखीच्या घरी गणपतीची आरती होती. कुणीतरी तिच्यापुढे पेटी सरकवली. "कंटाळा आलाय," ती म्हणाली. सगळे सवयीने माझ्याकडे बघू लागले, आता ही काय टोमणा मारते म्हणून.

"तिचा हात..." मी सुरुवात केली.

तिने माझं मनगट धरलं आणि मोठ्याने आरती म्हणायला लागली. संपेपर्यंत सोडलं नाही. पकड घट्ट होती. दोन बोटं तेवढी माझ्या हाताला लागत नव्हती.