हसलेला अनारसा

कढईतलं तूप तापलं की मावशी झाऱ्याने काठावर एक ठोका मारायची आणि म्हणायची, "आता कुनी बोलायचं न्हाई." मग कुणी नुसतं खोकलं तरी शिवी बसायची.

अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. जिच्या हातचं खायला सगळे जातात, पण तोंडाला लागायला कुणी जात नाही. माझे यजमान मास्तर होते. त्यांची पौडाला बदली झाली आणि आम्हाला हिचा शेजार मिळाला. नवरा कधीच गेलेला, एकुलती एक लेक सासरी, आणि हात सदा उगारलेला. शेताचा बांध कोरणाऱ्या सख्ख्या दिराच्या पाठीत हिने मुसळ घातलं होतं म्हणे. मला ते खोटं वाटलं नाही.

अनारसे मात्र असे करायची की तोंडात घालताच विरावेत. मी हौसेने शिकायला बसले. माझा पहिलाच अनारसा तुपात गेला आणि फुटून कढईभर पसरला.

"हसला!" मावशी कडाडली आणि झाऱ्याचा दांडा माझ्या मनगटावर बसला. "गूळ लई झालाय. तांदळाची पिठी घाल. खसखस वर ऱ्हाऊ दे, उलटू नगंस. वरनं तूप उडीव, जाळी आपसूक पडती."

मला भयंकर राग आला. जाळी मात्र पडली.

त्या वर्षी अधिक महिना होता. वाण घ्यायला लेक आणि जावई आले. लेक चुलीपुढे वाकली, तसा पदर सरकला आणि पाठीवरचे वळ आम्हा दोघींना दिसले.

"कशानं गं?" मावशीने विचारलं.

"दाव्यानं," लेक म्हणाली. गुरं बांधायच्या दाव्याने. मावशीने पीठ पुढ्यात ओढलं. इतकं मळलं की ते सैल पडलं.

व्हायचं तेच झालं. अनारसा फुटला. "आये, हसला गं, हसला!" म्हणत लेक खुदकन हसली. किती दिवसांनी हसली असेल, कोण जाणे. नेमका त्याच वेळी बाहेर शेणाच्या ओल्या सारवणावरून जावयाचा पाय घसरला होता. त्याला वाटलं, बायका आपल्यालाच हसताहेत. तो तसाच आत आला, लेकीचे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं.

"जावईबापू, सोडा तिला. अनारसा हसला, तुमास्नी न्हाई कुनी हसलं."

त्याने पुन्हा आपटलं. भिंतीला रक्त लागलं.

"सोड, मुडद्या!" मावशीने पळी भरून उकळतं तूप त्याच्या हातावर ओतलं. तो गुरासारखा ओरडला. कातडी जळाल्याचा वास माझ्या लुगड्याला धुतल्यावरही येत होता.

दीर समजवायला आला. "जावई हाय. पाय धर, लेकीला धाड."

"मला ती जित्ती पायजे," मावशी म्हणाली.

थोड्याच दिवसांत जावई भावांना घेऊन आला. हातात काठ्या. मावशी दारात चौकटीच्या दोन्ही बाजू धरून उभी राहिली. एक काठी उजव्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी आमच्या ओट्यावर ऐकला. तिने डाव्या हातची चौकट सोडली नाही. तोवर आळी जमली, यजमानही धावले, आणि ते लोक शिव्या देत निघून गेले. लेक आतच राहिली, कायमची.

वैदूने बांधलेलं हाड वाकडंच जुळलं. त्यानंतर तळायची लेक, आणि मावशी शेजारी बसून तिच्या नावाने शंख करायची. मला ते ऐकून फार बरं वाटायचं.

मावशी गेली तेव्हा बायकांनी तिचे हात छातीवर ठेवले. उजवा काही केल्या राहीना, वाकडाच घसरायचा. लेकीने तो आपल्या दोन्ही हातांत धरला. पुरुषांनी तिरडी उचलली, तरी लेक तो हात धरूनच चालत होती.