दिनकरचं साधं मरण

दिनकर गेला तेव्हा मी दुकानात गिऱ्हाइकासमोर परकराचं कापड फाडत होतो. फोन त्याच्या लेकीचा, सोनालीचा. "यासीनकाका, पप्पा उठंनात..." एवढंच म्हणाली. कापड तिथंच टाकून तसाच धावलो. दुपारी जेवून आडवा झालेला दिनकर चहाच्या वेळेला उठलाच नव्हता. डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं, हार्ट. अंगणात जमलेल्यांपैकी एकानं माझा दंड धरून मला बाजूला घेतलं आणि कानाशी लागला, "खरं सांग गड्या, काय करून घेतलं का त्यानं?" मयताला अजून आंघोळसुद्धा घातली नव्हती.

त्याला महिना उलटून गेला, पण त्या प्रश्नाचा राग अजून उतरत नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. चारचौघांसारखं साधं मरण यावं म्हणून हा माणूस कितीतरी वर्षं रोज झगडला, आणि शेवटी ते त्यानं मिळवलंही. गावाला मात्र तेवढंही त्याच्या पदरात घालवेना.

कुंडलच्या शाळेत आम्ही एका वर्गात. तो फौजेत गेला, मी वडिलांच्या कापडदुकानात. सुभेदार होऊन परतला तेव्हा गावानं हलगी लावून त्याला मिरवला. पुढं वर्षभरातच तो माझ्या दुकानात येऊन नुसता बसून राहायला लागला. एके दिवशी गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, "यासीन, मला जगू वाटंना रं. सकाळी डोळा उघडला की तेच येतंय डोक्यात." मी शटर ओढलं आणि आम्ही दोघं सांगलीच्या एसटीत बसलो. तिथल्या मानसोपचाराच्या मॅडमनी आडपडदा न ठेवता विचारलं, "मरावंसं वाटतं का?" मला वाटलं, असं तोंडावर कुणी विचारतं का! दिनकर मात्र खुर्चीत ताठ झाला. "व्हय मॅडम. रोज," म्हणाला आणि ढसाढसा रडला. इतके दिवस त्याला कुणी हे विचारलंच नव्हतं.

मॅडमनी गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, लागू पडायला काही आठवडे जातील, तोवर ह्यांना एकटं सोडायचं नाही, आणि गोळ्या ह्यांच्या हाताला लागू द्यायच्या नाहीत, घरच्यांनी एकेक द्यायची. मग त्याची बायको, सुमनवैनी, रोज रात्री जेवणानंतर त्याच्या तळहातावर गोळी ठेवायच्या आणि तो गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. पुढं लिथियमची गोळी वाढली, तिच्यासाठी अधूनमधून रक्त तपासावं लागे. हात थरथरायचा, चहा बशीत कमी आणि लुंगीवर जास्त पडायचा. "परेडला असा हात हलला असता तर उस्तादानं मैदान पळवलं असतं," म्हणायचा. कंटाळून गोळ्या सोडायला निघाला तेव्हा मॅडमनी डोस जुळवून दिला. हळूहळू माणसात आला. एकदा मीच विचारलं तर म्हणाला, "येतंय अजून कवातरी डोक्यात. पर आता दारातनंच माघारी जातंय."

त्याच्या थोरल्या भावाला, आप्पांना, हे काही पचलं नाही. "वाघासारखा फौजी आन बायकोच्या हातनं गोळी खातोय," असं चावडीवर म्हणायचे. दिनकर हसून म्हणे, "आवं आप्पा, तुमच्या शुगरच्या गोळीचं कौतिक, आन माझ्या गोळीची लाज व्हय?" तो बरा झाला त्याचं श्रेय आप्पांनी स्वतः आणलेल्या ताईताला देऊन टाकलं. आणि आता तो गेल्यावर? दहाजणांत बसून, तळहातावर तंबाखू मळत आप्पा सांगत होते, "त्या गोळ्यांनीच हार्ट खाल्लं त्याचं." बरं वाटलं ते ताईतामुळं, मेला तो गोळ्यांमुळं! दिनकर स्वतः दिवसाला तंबाखूच्या किती पुड्या संपवायचा, ते मात्र कुणी बोललं नाही.

हे सगळं एकवेळ गिळलं असतं. मेलेल्याला कसलं ऊन आणि कसला वारा. पण सोनाली जिवंत आहे. शिरवळच्या कंपनीत नोकरी करते, बाप गेला तेव्हा सुट्टीला घरी आली होती. गेल्या वर्षी तेच विचार तिच्याही डोक्यात यायला लागले. तिनं ते सगळ्यांत आधी बापाला सांगितलं, कारण त्या घरात ही गोष्ट तोंडातून काढता येत होती. दिनकर तिला त्याच मॅडमकडं घेऊन गेला आणि तिचीही गोळी सुरू झाली.

आपल्याकडं बाप गेला की पोरीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. आप्पांनी सावडायच्या दिवशीच स्थळाचा विषय काढला आणि सोनालीला ताकीद दिली, "ती गोळी आजपास्नं बंद. सोयऱ्यांस्नी कळलं तर कोण करणार तुला?" मी म्हणालो, "आप्पा, डॉक्टरला विचारल्याबिगर अशी एकदम बंद करू नये." "यासीन, तू गप. घरचा मामला हाय." जन्मभर ज्या घरात दिवाळीचा फराळ खाल्ला त्या घरात मी एका वाक्यात परका झालो. सोनाली खाली मान घालून बसली होती. त्या रात्री तिनं गोळी घेतली नाही, दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या दिवशी तिला ताटातला घास तोंडात घालवेना. वैनी लेकीकडं बघत राहिल्या.

दहाव्याला घर पाहुण्यांनी भरलं होतं. आप्पांनी बोलावलेला त्या स्थळाकडचा, मुलाचा मामाही चहाची कपबशी घेऊन सोप्यात बसला होता. वैनी माजघरातून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि सगळ्यांच्या मधोमध सोनालीपुढं उभ्या राहिल्या.

"सोने, गोळी घे."

सोनालीनं आप्पांकडं पाहिलं.

"तिकडं नगं बघू. माझ्याकडं बघ."

तिनं गोळी घेतली, पाणी प्याली. मामानं आप्पांना विचारलं, "कसली वो गोळी?" आप्पा काहीतरी जुळवत होते, तेवढ्यात वैनीच म्हणाल्या, "मरायचं इचार येत्यात पोरीला. त्याची हाय. हिच्या बापाला पण हुती." मामानं कपबशी खाली ठेवली, चपला घातल्या आणि गेला.

आप्पा ताडकन उठले. "जमत आलेलं लगीन मोडलंस!"

वैनी रिकामा तांब्या उचलत म्हणाल्या, "मोडू दे. पोरगी जित्ती हाय न्हवं?"