दामूअण्णांच्या वहीतलं शून्य

शहापूर-वडगावातल्या तमाम शंकेखोर नागरिकांना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आपण ज्यांच्यावर इतकी वर्षं मन लावून संशय घेतला, ते प्रोफेसर दामूअण्णा गेल्या महिन्यात निपाणीस वारले. चष्मा सापडेना, म्हणून निपाणीहून आलेलं पत्र माझ्या लेकीनं, शेवंतीनं वाचून दाखवलं. माझ्या मनात पहिलं आलं ते हेच... खरंच गेले, की हीही एक तपासणी?

लढाईच्या दिवसांत ते आमच्या विणकरांच्या गल्लीत आले. कॉलेजात शिकवणारा माणूस दारोदार विचारत हिंडतो, "आजोबा कुठल्या गावाहून आले? मुलं किती? शाळेत त्यांना वर्गात बसवतात की व्हरांड्यात?" परगावाहून आलेल्यांची मुलं शाळेतून आधी का गळतात, यावर त्यांचा प्रबंध चालला होता. आमचा विश्वास बसतोय होय! कुणी म्हणालं लष्कराचा माणूस, कुणी म्हणालं मिशनचा. पोरं धरून नेतील, म्हणून ती दाखवायची नाहीत, असं गल्लीनं ठरवलं. माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, शेवंतीला मागाखाली पाय सोडायच्या खड्ड्यात दडवलं आणि काठावर बसून ती साडी विणू लागली. तेवढ्यात खालून शिंक आली.

"मांजर हाय," मी म्हणालो.

"बरं," म्हणून त्यांनी मुलांच्या रकान्यात शून्य लिहिलं. "घरचे सांगतील तेच मी लिहितो." ह्या सरळपणाचाच मला जास्त संशय आला.

पुढं गल्लीत शाळा काढावी म्हणून त्यांनीच अर्ज केला. दुसरी शाळा इतकी लांब, की पोरींना तिकडं कोणी धाडत नसे. ही मिळाली नसती, तर शेवंतीचा जन्म मागावरच गेला असता. तरी शाळाखात्याचे साहेब आले, तेव्हा आम्ही सवयीनं पोरं पुन्हा दडवली! साहेबांनी आमच्याच घरात उभं राहून दामूअण्णांची वही उघडली.

"प्रोफेसर, गल्लीत एकही मूल नाही, असं तुम्हीच लिहिलंय. मग शाळा कोणासाठी?"

 दामूअण्णा एक शब्द बोलले असते तर शाळा मिळाली असती, पण आम्ही चारचौघांत खोटे पडलो असतो. त्यांनी नुसतं मागाकडं पाहिलं... मग खाली मान घातली. साहेबांनी वही मिटली आणि ते दाराकडं वळले. आक्काचा हात मागावरच थांबला. ती साहेबांवर ओरडली,

"आरं बाबा, मग ह्या खड्ड्यात बसलीया ती कोण, तुझी आय?"