शेवटपर्यंत पाहिलेला सिनेमा

आमच्या जिजीने आयुष्यात एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नव्हता. जिजी म्हणजे माझी थोरली चुलती, रहिमतपूरजवळच्या मळ्यात राहणारी. मध्यंतराचे दिवे लागले की ती पदर खोचायची आणि म्हणायची, "चला, धारंची येळ झाली." पुढे काय झालं असेल ते ती एसटीत बसून स्वतःच ठरवायची. तिच्या गोष्टीत खलनायकाला बहुतेक वेळा नाग चावायचा. नागांच्या शिराळ्याची माहेरवाशीण ती, तिला दुसरं काय सुचणार!

या सगळ्याला कारण तिची म्हैस. ही बया जिजीखेरीज कुणाच्या हाताला पान्हाच सोडायची नाही. दुसऱ्या कुणी कासेला हात लावला की लाथ बसलीच. आधीची म्हैस अशीच होती, आणि तिची ही रेडी आईच्या वरताण निघाली. त्यामुळे जिजी लग्नात अक्षता पडल्या की पंगतीआधी उठायची, बारशाला पाळणा म्हणायच्या आत निघायची. माहेरी मुक्काम तर कित्येक वर्षांत घडला नव्हता. नागपंचमीला शिराळ्याच्या घराघरात लेकी आलेल्या असायच्या, आणि जिजी मात्र सकाळी जाऊन दुपारच्या गाडीने परत. "आमच्या दावणीला म्हस न्हाई, मीच हाय," असं ती हसत सांगायची. ऐकणारेही हसायचे. मला ते कधीच हसण्यासारखं वाटलं नाही.

तसा यावरचा उपाय पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होता. बायको आजारी पडली की गडी तिचं लुगडं अंगाला गुंडाळून धारेला बसतो आणि म्हैस फसते. पण आमचे नाना, म्हणजे जिजीचे यजमान, पडले फौजेतले हवालदार. "एवढ्या मिशा ठिवून लुगडं नेसू व्हय?" असं ते एकदा म्हणाले आणि विषय मिटला. जिजी खरी त्या मिशांना बांधलेली होती, हे माझं मत घरात कुणालाच पटायचं नाही.

गेल्या आषाढात मी तिला साताऱ्यात एक सिनेमा दाखवायला नेलं. सासऱ्याचं दुखणं काढण्यात जन्म चाललेल्या एका सुनेची गोष्ट होती. सिनेमा संथ, पण मला फार आवडला. बहुतेक वेळ कॅमेरा त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरातून बाहेरच पडत नाही, बघणाऱ्याचाही जीव गुदमरतो. नायिका फारसं बोलत नाही, नुसती राबते. पार्श्वसंगीत मात्र उगाच गळा काढतं. जिजीचं परीक्षण माझ्या कानाशी चालूच होतं. "एवढी भांडी घासती, पर बांगडी एकदाबी वाजंना हिची." आणि ते खरंच होतं.

मध्यंतराला जिजी उठलीच नाही. मी तिला घड्याळ दाखवलं. "गप बस गं. ही घर सोडतीया का न्हाई, तेवढं बघू दे मला," ती म्हणाली. शेवटी नायिका पिशवी भरून स्टँडवर जाते, गाडी लागते, आणि ती तशीच माघारी येऊन चहाचं आधण ठेवते. लोक डोळे पुसत होते, मीही पुसले. जिजी मात्र भडकली होती.

"माघारी कशाला आली ही?"

"माया असते गं जिजी."

"माया न्हाई ती. सवय हाय."

मळ्यात पोचलो तोवर दिवेलागण होऊन गेली होती. गोठ्यात पाहतो तर नाना जिजीचं लुगडं डोक्यावरून घेऊन बसलेले, मांडीत चरवी, आणि म्हैस निवांत रवंथ करत दूध देत होती. "कास तटतटली हुती, बघवंना. मग काय करू?" नाना ओशाळून म्हणाले. मला हसू आवरेना. जिजी हसली नाही. ती गोठ्याच्या उंबऱ्यावर टेकली.

"म्हंजी एवढंच हुतं व्हय?" ती म्हणाली आणि मोठ्याने रडायला लागली. माझं हसू जागच्या जागी विरलं. नानांना तर तोंड लपवायलाही जागा नव्हती.

पंचमीला मीच तिला गाडीने शिराळ्याला नेलं. या वेळी पिशवीत चार दिवसांची पातळं होती. जिजीची आई अलीकडे माणसं ओळखत नाही, हे भावजयीने फोनवर सांगितलं होतं. पण ती आपल्यालाही ओळखणार नाही, असं काही जिजीला वाटलं नव्हतं.

जिजी खाटेशी बसली. म्हातारीने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "कुठल्या म्हनायच्या तुमी?"

जिजीने पदर सावरला.

"रहिमतपूरकडची," ती कशीबशी म्हणाली.

म्हातारीला एकदम हुरूप आला. "माझी लेक तिकडंच दिलीया. लय कामाची हाय बिचारी, तिला सवड कुठली? कवा गाठ पडली तर सांगा तिला, आईनं बोलावलंय म्हनावं."

जिजीने आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"सांगते," ती म्हणाली.